राउटर टेबल घेताना आणि जुळवताना

राउटर टेबल म्हणजे एक सपाट टॉप, त्याखाली उलटा टांगलेला राउटर आणि टॉपवर उभी केलेली एक सरळ पट्टी, म्हणजे फेन्स. हातात धरून चालवताना राउटर लाकडावरून फिरतो. टेबलात राउटर जागच्या जागी असतो आणि लाकूड फिरते. या एका बदलामुळे बरीच कामे आवाक्यात येतात. दोन बोटे रुंदीच्या पट्टीच्या कडेला गोलाई द्यायची असेल तर हातातला राउटर त्या पट्टीवर नीट टेकतच नाही, एका बाजूला कलतो आणि कडेला खड्डा पाडतो. टेबलावर तीच पट्टी फेन्सला लावून सरळ ढकलली की काम होते. फोटोफ्रेमच्या आतली पायरी, ड्रॉवरच्या बाजूंना तळासाठी खाच, कपाटाच्या दारांच्या चौकटी, एकसारख्या नक्षीच्या दहाबारा पट्ट्या ही या टेबलाची खरी कामे. सात फुटी प्लायच्या मधोमध आडवी खाच मारायची असेल तर मात्र टेबल निरुपयोगी. एवढा मोठा ताव टॉपवर पेलत नाही. ज्यांचे बहुतेक काम अशा तावांचे आहे त्यांनी टेबलावर पैसे घालू नयेत.

घरी हौसेने सुतारकाम करणारा माणूस सहसा आधी टेबल घेतो, मग त्यात बसेल असा राउटर शोधतो आणि शेवटी बिट. पैसे वाया जातात ते या उलट्या क्रमामुळे. बिटाची दांडी कॉलेट (बिट पकडणारी नळी) ठरवते, कॉलेट राउटर ठरवते, राउटरचा तळ प्लेट ठरवतो आणि प्लेटच्या मापावर टॉपमधले भोक ठरते. खरेदीही याच क्रमाने व्हायला हवी.

बाजारात बिटाच्या दांड्या पाच मापांच्या मिळतात: ६ मिमी, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ८ मिमी, १२ मिमी आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत काउंटरवर विचारले तर ६ मिमी आणि पाव इंच यांना पुष्कळदा एकच मानले जाते. खोक्यावर पाव इंच छापलेले असते आणि आत ६ मिमीची दांडी निघते, असेही होते. फरक ०.३५ मिमीचा, डोळ्यांना न दिसणारा, आणि धोका नेमका तिथेच आहे. कॉलेट ही चिरा दिलेली बारीक नळी असते; नट आवळला की ती सगळीकडून दांडीवर मिटते. दांडी बारीक असेल तर ती पूर्ण लांबीवर न मिटता दोनचार ठिकाणीच टेकते. हाताला घट्ट लागते, पण काम सुरू झाले की बिट हळूहळू वर सरकते. वळणदार धारेचे बिट तर स्वतःलाच बाहेर ओढते. फळीच्या सुरुवातीला ६ मिमी खोल असलेली खाच शेवटाला ८ मिमी खोल निघते, आणि मापात चूक झाली असे समजून माणूस फेन्स तपासत बसतो. अशा वेळी बिट काढून त्याची दांडी पाहावी. तिच्यावर घासल्याचे काळपट वळे दिसले तर दोष कॉलेटच्या पकडीचा आहे. ते बिट त्या कॉलेटमध्ये पुन्हा वापरू नये. बिट घेताना खिशात व्हर्नियर असावा, आणि दुकानदार हसला तरी दांडी मोजूनच घ्यावी.

टेबलासाठी जाड दांडी चांगली. १२ मिमी किंवा अर्ध्या इंचाची दांडी कमी थरथरते, मोठे बिट पेलते आणि काप गुळगुळीत येतो. पण १२ आणि १२.७ यांतही वर सांगितलेलीच गफलत होते. भारतात मिळणाऱ्या मोठ्या राउटरांपैकी काही १२ मिमीची कॉलेट घेऊन येतात, तर परदेशातून मागवलेले चांगले बिट बहुधा अर्ध्या इंची असतात. १२.७ ची दांडी १२ च्या कॉलेटमध्ये जात नाही, म्हणून इथे अपघाताऐवजी भुर्दंड बसतो. राउटर ठरवण्याआधी त्याला अर्ध्या इंची कॉलेट वेगळी मिळते का, हे विचारून घ्यावे. पस्तीस किंवा पन्नास बिटांच्या स्वस्त पेटीचा मोह टाळावा. त्यातले पाचसहाच हाताळले जातात आणि तेवढेच आधी बोथट होतात. एक सरळ बिट, एक बेअरिंगचे सरळ बिट, एक गोलाईचे, एक पायरीचे आणि एक पंचेचाळीस अंशाचे एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. धार कार्बाइडचीच हवी. सागवानात सिलिका असते आणि प्लायमध्ये डिंकाचे थर. या दोन्हींपुढे साध्या पोलादाची धार टिकत नाही.

आता राउटर. सुतारांकडे सनमायकाच्या कडा मारायला जो लहान ट्रिमर असतो तो टेबलाखाली टांगता येतो आणि छोट्या कामाला पुरतो. मकिताचा ३७०९ हा ५३० वॉटचा आहे आणि मिनिटाला ३०,००० फेऱ्या घेतो. बॉशचा जीकेएफ ५५० हा ५५० वॉट आणि ३३,००० फेऱ्यांचा. दोघांनाही वेग कमी करायची सोय नाही. टेबलासाठी ही मोठी उणीव आहे, कारण बिट जितके रुंद तितका त्याच्या कडेचा वेग जास्त. ५० मिमी व्यासाचे बिट २४,००० फेऱ्यांना फिरवले तर त्याच्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जातो. २५ मिमीपर्यंतचे बिट २४,००० फेऱ्यांवर चालते. ५० मिमीपर्यंत वेग १८,००० च्या आसपास आणावा. दाराच्या पॅनेलला उतार देणारी ८०-९० मिमीची बिटे १२,००० किंवा त्याहून खाली ठेवावीत. म्हणून टेबलाचा राउटर निदान १२०० वॉटचा, वेग कमीजास्त करता येणारा आणि हळूहळू वेग घेणारा हवा. मोठ्या वर्गात मकिताचा आरपी २३०१ एफसी हा २१०० वॉटचा आणि ९,००० ते २२,००० फेऱ्यांचा आहे.

वॉट वाढले की घरातला प्लगही पाहावा लागतो. २३० व्होल्टवर १३०० वॉटचा राउटर साडेपाच अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह घेतो, म्हणजे घरातल्या ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटच्या अगदी काठावर. २१०० वॉटचा राउटर नऊ अँपिअरच्या पुढे जातो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेटच लागतो. बाल्कनीत असा सॉकेट बहुधा नसतो. मग गीझरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या सॉकेटमधून बारीक तारेचे एक्स्टेन्शन ओढले जाते आणि अर्ध्या तासात ती तार हाताला गरम लागते. राउटरच्या किमतीत जाड तारेच्या जोडणीचा खर्च आधीच धरावा.

राउटरची निवड करताना उंची कमीजास्त कशी होते, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे. प्लंज राउटर टेबलाखाली उलटा लावला की त्याच्या स्प्रिंगा गुरुत्वाकर्षणाच्याच दिशेने, म्हणजे खाली ढकलत राहतात आणि अर्धा मिमी वर घ्यायला दोन्ही हात लागतात. बहुतेक मॉडेलांत टेबलासाठी स्प्रिंग काढता येते. पण ती दाबलेली असते. पुस्तिकेत दाखवलेल्या पद्धतीनेच आणि तोंड बाजूला ठेवून ती काढावी. ट्रायटनचा टीआरए००१ टॉपच्या वरून हँडल घालून वरखाली करता येतो आणि त्याची कॉलेटही टॉपच्या वर येते, म्हणून बिट बदलायला वाकावे लागत नाही. असा राउटर नसेल तर राउटर लिफ्ट मिळते, पण चांगल्या लिफ्टची किंमत पुष्कळदा राउटरएवढी होते. सुरुवातीला लिफ्ट घेऊ नये. वाकून पाना लावायचा कंटाळा खरोखर कामाच्या आड येऊ लागला की घ्यावी.

तयार टेबल घ्यावे की घरी बनवावे, हा प्रश्न इथे येतो. टेबलटॉप प्रकारची तयार टेबले साधारण २७ बाय १८ इंचांच्या आसपासची असतात, उंची फूट-सव्वा फूट. चांगल्या टेबलाचा टॉप सनमायका लावलेल्या एमडीएफचा किंवा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो. स्वस्त टेबलाचा टॉप पातळ पत्र्याचा, खाली दाबून उभे केलेले कोन, आणि फेन्स प्लास्टिकची. त्यातल्या बऱ्याच टेबलांत मोजक्याच मॉडेलांचे तळ बसतात, आणि त्या यादीत इथे विकली जाणारी मॉडेले असतीलच असे नाही. खोके उघडताच स्क्रू-नटांच्या पिशव्या यादीशी ताडून घ्याव्यात, टॉपचे चारही कोपरे पाहावेत आणि टॉपवर पोलादी पट्टी आडवी, उभी व तिरपी ठेवून तिच्याखालून येणारा उजेड पाहावा. वाकलेल्या टॉपचे टेबल जुळवून झाल्यावर परत करणे अवघड होते. विक्रेता वापरलेले म्हणतो. म्हणून एकही स्क्रू फिरवण्याआधी हे पाहून घ्यावे. स्वस्त तयार टेबलाच्या पैशांत घरी त्याहून सपाट टॉप तयार होतो, असे अनुभवाने सांगता येते. ओतीव टॉपचे महाग टेबल परवडत असेल तर ते घ्यावे. मधल्या किमतीच्या टेबलांत निराशाच जास्त आहे.

घरच्या टॉपसाठी दोन १८ मिमी एमडीएफ एकमेकांवर फेव्हिकॉलने चिकटवून वजनाखाली ठेवावेत. आयएस ७१० चे मरीन प्लाय पाण्याला टिकते, पण प्लायचा ताव एमडीएफइतका सपाट क्वचित असतो. टॉपच्या दोन्ही अंगांना १ मिमीचा सनमायका लावावा. खालचे अंग दिसत नाही म्हणून तिथे सनमायका वाचवला जातो, आणि मग एका अंगाने दमट हवा आत शिरते, दुसऱ्या अंगाने शिरत नाही, टॉप कमान घेतो. कोकणात किंवा मुंबईत तर एका पावसाळ्यातच हे होते. चारही उघड्या कडांना लाकडी पट्टी किंवा वार्निशचे दोन हात द्यावेत.

राउटर टांगायची प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, फिनॉलिकची किंवा अ‍ॅक्रिलिकची मिळते. अ‍ॅक्रिलिक दिसायला सुंदर, पण सहा किलोच्या राउटरखाली काही महिन्यांत मधोमध झोळ धरते. लहान ट्रिमरसाठी २३५ बाय १२० मिमीची ८ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट सर्वत्र मिळते. मोठ्या राउटरला साधारण ३०० बाय २३५ ची लागते. छिद्रे पाडून आलेल्या प्लेटपेक्षा कोरी प्लेट बरी, कारण आयती छिद्रे जुळली नाहीत तर त्यांच्या शेजारी नवे छिद्र पाडायला धातूच उरत नाही. प्लेटबरोबर वेगवेगळ्या भोकांच्या दोनतीन रिंगा असाव्यात. बिटाभोवतीची मोकळी जागा जितकी कमी तितके बरे. नाहीतर पट्टीचे टोक त्या फटीत खचते आणि कापात खड्डा पडतो.

प्लेटला छिद्रे पाडणे हा जुळवणीतला सगळ्यात नाजूक टप्पा. राउटरच्या तळाचे काळे प्लास्टिकचे पान काढून त्याचाच साचा करावा. हे पान प्लेटच्या वरच्या अंगावर ठेवायचे आणि पानाचे जे अंग कामाच्या वेळी लाकडाला टेकते ते वर ठेवायचे. ज्या बाजूला स्क्रूच्या डोक्यांसाठी खोलगट जागा आहे, तीच ही बाजू. पान उलटे ठेवले तर छिद्रांची मांडणी आरशातल्यासारखी उलटते. काही राउटरांची छिद्रे सारख्या अंतरावर नसतात, आणि मग अडीच-तीन हजारांची प्लेट भंगारात जाते. पान दुहेरी चिकटपट्टीने धरावे, मधले भोक प्लेटच्या भोकाशी केंद्रात आणावे आणि आधी खूण, मग बारीक ड्रिल, मग पुरे ड्रिल असे करावे. एम५ स्क्रूसाठी साडेपाच मिमीचे भोक ठेवले तर नंतर थोडे सरकवून केंद्र साधता येते. त्याआधी राउटर प्लेटवर नुसता ठेवून पाहावा: उंचीची चावी, वेगाचे चाक आणि कॉलेटचे कुलूप टेबलाच्या पुढच्या बाजूने हाताला येतील अशीच त्याची दिशा हवी. पानाचे मूळ स्क्रू जाड प्लेटला आखूड पडतात. प्लेट जितकी जाड तितके लांब स्क्रू लागतात, आणि आटे तेच असावे लागतात. गरजेपेक्षा लांब स्क्रू आतल्या तळाशी टेकतो. पाना अडतो, घट्ट झाल्यासारखे वाटते आणि प्लेट मात्र सैल असते. स्क्रू लावल्यावर राउटर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावा आणि स्क्रूची डोकी प्लेटच्या पृष्ठभागाखाली गेली आहेत का, यावर बोट फिरवावे.

टॉपमधल्या भोकासाठी प्लेट जागेवर ठेवून तिच्याभोवती चार सरळ पट्ट्या घट्ट भिडवून चिकटवाव्यात आणि प्लेट उचलावी. त्या पट्ट्यांच्या चौकटीत, वर बेअरिंग असलेल्या सरळ बिटाने हातातल्या राउटरने प्लेटच्या जाडीहून किंचित खोल पायरी खोदावी; मग आतला भाग बारातेरा मिमीची पायरी राखून जिगसॉने कापून टाकावा. हे काम टॉप जोडण्याआधी, राउटर प्लेटला लावायच्याही आधी करायचे असते, हे साहजिक असले तरी क्रम चुकतो. बिटाची त्रिज्या प्लेटच्या कोपऱ्याच्या गोलाईशी जुळत नसेल तर प्लेटचे कोपरे कानशीने घासून घ्यावेत, लाकूड पटाशीने कोरत बसू नये. पायरी प्लेटपेक्षा अर्धा-एक मिमी जास्त खोल असावी आणि प्लेट तिच्यात कोपऱ्यांच्या समतल स्क्रूंवर बसावी.

प्लेट टॉपशी समतल आहे का, हे पाहायला महाग उपकरण लागत नाही. घोटलेल्या सागवानाचा, चौकोनी कडांचा तुकडा उजवीकडून डावीकडे हलक्या हाताने सरकवावा. टॉपवरून प्लेटवर जाताना आणि प्लेटवरून टॉपवर उतरताना तो कुठेही अडता कामा नये. कानाला टक असा आवाज आला तरी तेवढा स्क्रू पाव फेरा फिरवावा. लाकूड जिथे अडते तिथे हात आणखी जोर लावतो, आणि पुढे बिट फिरत असते. दोन्ही बाजू जमल्यावर राउटर टांगूनच पुन्हा तपासावे, कारण रिकाम्या प्लेटचा समतल आणि वजन टांगलेल्या प्लेटचा समतल वेगळा निघतो. टॉपच आत झुकला असेल तर खालून प्लेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोन लाकडी कडा घालून आधार द्यावा. काम नसेल तेव्हा राउटर काढून ठेवण्याची सवयही चांगली.

फेन्सबद्दल एक गैरसमज सर्रास असतो. टेबल सॉच्या सवयीने लोक फेन्स टॉपच्या कडेला समांतर बसवायच्या मागे लागतात. राउटर टेबलात त्याची काही गरज नाही. बिट गोल आहे. फेन्स तिरपी असली तरी बिटापासूनचे अंतर तेच राहते. याचा उलट फायदा घेता येतो: फेन्सचे एक टोक घट्ट करून दुसरे एक मिमी सरकवले की, बिट मधोमध असेल तर, कापात अर्ध्या मिमीचा फरक पडतो. समांतरपणा नको, पण फेन्स टॉपशी काटकोनात असायलाच हवी. गुण्या लावून तिच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये पाहावे. कलली असेल तर फेन्सच्या कोनाखाली कागदाची घडी सारावी. दोन भागांची फेन्स असेल तर दोन्ही भाग एका रेषेत आहेत का, हे लांब पट्टीने पाहावे. फेन्सच्या खालच्या काठाला तीनेक मिमीचा उतार दिला की भुसा तिथे जमतो आणि लाकूड फेन्सला नीट भिडते. डाव्या भागामागे सनमायकाचा १ मिमीचा तुकडा घालून आणि बिट त्या भागाशी रेषेत आणून फळीची कड रंध्यासारखी सरळही करता येते.

टेबलाची उंची हा दुर्लक्षित मुद्दा. इथले बहुतेक सुतार जमिनीवर बसून काम करतात, आणि त्या सवयीने तयार टेबल खाली जमिनीवर ठेवले जाते. किंवा मग जेवणाच्या टेबलावर. दोन्ही चूक. जमिनीवर बसून लाकूड पुढे ढकलताना तोंड थेट बिटाच्या रेषेत येते. सव्वा फुटाचे टेबल अडीच फुटी जेवणाच्या टेबलावर ठेवले की टॉप छातीपर्यंत येतो आणि हात लाकडाला खाली दाबू शकत नाही. टॉप कोपराच्या थोडा खाली, जमिनीपासून साधारण ९०० मिमीवर यावा. टेबल खाली बोल्टने किंवा क्लॅम्पने बांधलेले असावे.

वेगळा स्विच हा ऐच्छिक समजू नये. राउटरचे स्वतःचे बटण टेबलाखाली असते आणि अडचणीच्या क्षणी ते चाचपडणे शक्य नसते. टेबलाच्या पुढच्या बाजूला मोठ्या लाल पट्टीचा, वीज गेली की आपोआप बंद पडणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच लावावा. महाराष्ट्रात, विशेषतः शहरांबाहेर, वीज मध्येच जाणे नवे नाही. साध्या स्विचवर वीज गेली की माणूस बिटापाशी वाकून पाहतो, जमलेला भुसा हाताने झटकतो; वीज येते आणि राउटर २०,००० फेऱ्यांनी फिरू लागतो. बिट बदलताना स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. बिट कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून दोनतीन मिमी वर ओढावे आणि मगच नट आवळावा. तळाला टेकलेल्या बिटावर कॉलेट नीट मिटत नाही.

सगळे जुळले की पहिला काप, आणि इथे दिशा समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. राउटर उलटा असल्याने वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरते. फेन्स बिटाच्या पलीकडे आणि काम करणारा अलीकडे असेल तर लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचे. असे नेताना बिटाची अलीकडची धार लाकडाला मागे आणि फेन्सकडे रेटते. हात पुढे ढकलतो आणि दोघांचा तोल राहतो. उलट नेले तर बिट लाकूड स्वतःच पुढे खेचते. हात लाकडाबरोबर जातात, आणि सगळ्यांत वाईट दुखापती याच प्रकारात होतात. फेन्स आणि बिट यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधीही नेऊ नये.

हा नियम पाठ असूनही एका ठिकाणी हमखास फसगत होते: खाच रुंद करताना. ६ मिमीच्या बिटाने खाच मारली आणि ती ८ मिमीची हवी आहे. फेन्स दोन मिमी सरकवून तीच फळी पुन्हा उजवीकडून डावीकडे न्यायची, एवढे सोपे वाटते. पण फेन्स बिटाकडे सरकवली तर आता बिटाची पलीकडची धार लाकूड खाते, आणि ती धार फळी ज्या दिशेला जाते त्याच दिशेला फिरत असते. फळी एकदम डावीकडे सुटते. फेन्स बिटापासून दूर सरकवली तर अलीकडची धार खाते आणि सगळे सुरळीत राहते. म्हणून रुंदीकरणात फेन्स नेहमी बिटापासून लांबच न्यावी आणि पहिली खाच त्या हिशेबाने फेन्सच्या जवळच्या बाजूला मारावी.

एका दमात फार खोल जाऊ नये; सागवान किंवा शिसवीत तीनचार मिमीच्या टप्प्यांनी जावे. फळीच्या चारही कडांना नक्षी असेल तर आधी आडव्या रेशांची टोके घ्यावीत, मागे एक टाकाऊ तुकडा लावून, आणि मग लांब बाजू. टोकाला उडालेले कपचे लांब बाजूच्या कापात निघून जातात. लाकूड काळे पडत असेल तर तीन कारणे पाहावीत: बोथट बिट, जास्त वेग, किंवा मध्ये थांबणारा हात. वीतभर लांबीचे तुकडे थेट हाताने ढकलू नयेत. नक्षी मोठ्या फळीला द्यावी आणि तुकडे नंतर कापावेत. वक्र कडेसाठी फेन्स काढून बेअरिंगचे बिट वापरायचे, पण त्याआधी प्लेटमध्ये टेकणाची खुंटी लावायची आणि लाकूड आधी खुंटीला टेकवून हळूच बिटाकडे वळवायचे. हातमोजे घालू नयेत. उंची मोजायला ड्रिलची दांडी चालते: ६ मिमीचे ड्रिल प्लेटवर आडवे ठेवून बिटाचे टोक त्याच्या माथ्याशी आणावे.

भुसा दोन ठिकाणांहून ओढावा लागतो, फेन्समागून आणि टेबलाखालून. खाच मारताना बहुतेक भुसा खाली पडतो आणि उलट्या राउटरच्या हवेच्या झडपांवर बसतो. कामानंतर ब्लोअरने तो झाडला नाही तर मोटार तापते. टेबलाखालचे कपाट पूर्ण बंद करू नये, राउटरला थंड हवा हवी. एमडीएफचा भुसा सर्वांत बारीक. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, तेव्हा नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन९५ मास्क लागतो. कानांनाही संरक्षण हवे. सोसायटीत आवाज कमी करायला टेबलाच्या पायांखाली रबर घातल्याने जमिनीतून जाणारी थरथर थांबते, पण हवेतून जाणारा आवाज तसाच राहतो. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून वेळ ठरवून घेणे हाच त्यावर उपाय.

देखभाल थोडी असते. टॉपवर महिन्या-दोन महिन्यांनी मेण घासावे. सिलिकॉनचा फवारा मारू नये, तो लाकडावर उतरतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. कॉलेट काढून आतला भुसा आणि चीक ब्रशने साफ करावा. ओतीव लोखंडाचा टॉप असेल तर पावसाळ्यात रोज पुसून तेलाचा हात द्यावा. एमडीएफचा टॉप पावसात फुगतो आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आखडतो, म्हणून प्लेटचा समतल वर्षातून दोनदा, पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि ओसरल्यावर एकदा, तपासावा लागतो. खंडेनवमीला हत्यारे पुसून पूजेला मांडायची असतातच. दुसरी तपासणी त्या दिवशी उरकली तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.